साखरेसाठी समुपदेशकाकडे कशाला?

"शुगर आहे ना तुम्हाला? मग समुपदेशकाकडे कशाला जाता?" तळजाईच्या टेकडीवर फिरताना मैत्रिणी विचारतात, नणंद विचारते, परवा सोसायटीतल्या काकूंनी लिफ्टमध्ये विचारलं. तुम्ही विचारलंत म्हणून नीट सांगते.

मधुमेह कळला त्याला नऊ वर्षं झाली. पहिली दोन-तीन वर्षं सगळं व्यवस्थित चाललं होतं. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या. रात्री तीनदा उठायचं, सकाळी त्यांचं सगळं आवरायचं. जेवण तेच, गोळ्या त्याच, पण उपाशीपोटीची साखर ११० वरून १८० वर गेली. बोटाला सुई लावायची म्हटली की पोटात गोळा यायचा. आकडा म्हणजे मला माझे मार्क वाटायचे. शेवटी मी तपासणं सोडलं आणि वहीत मनाचेच आकडे लिहायला लागले. ११८, १२४, १२१. डॉक्टरांना शंका येऊ नये म्हणून थोडे वरखाली. ही गोष्ट मी कित्येक महिने यांनासुद्धा सांगितली नव्हती.

एचबीएवनसी नावाच्या रक्ततपासणीने ती उघड केली. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि रक्तातली साखर त्यांच्यातल्या हिमोग्लोबिनला चिकटत जाते, म्हणून त्या एका तपासणीत मागचे दोन-तीन महिने दिसतात. रिपोर्टमध्ये ९.४ टक्के आले होते, वहीतल्या आकड्यांशी अजिबात न जुळणारे. डॉक्टरांनी माझी वही मिटून बाजूला ठेवली आणि विचारलं, "झोप लागते का?" मला रडूच कोसळलं. इतक्या वर्षांत 'साखर किती' सोडून दुसरं काही मला कुणी विचारलंच नव्हतं.

ताण आला की शरीरात कॉर्टिसॉल आणि ॲड्रेनलिन ही संप्रेरकं वाढतात, यकृत साखर रक्तात सोडतं, इन्सुलिनचा जोर कमी पडतो. पेढ्याचा कण न खाताही साखर चढते ती अशी. आणि उलटही होतं. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्य इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळतं. मन खचलेला माणूस चालायला जात नाही, गोळी विसरतो, साखर वाढते, अंगात त्राण राहत नाही, मन आणखी खचतं. रोज मोजण्या-सांभाळण्याचा शीण मात्र निराळा; डॉक्टर त्याला 'डायबेटिस डिस्ट्रेस' म्हणतात. मला तो होता. त्यावर गोळी नाही मिळाली, कुणाशी तरी मोकळं बोलणं मिळालं, आणि रात्रीसाठी एक बाई ठेवायचं ठरलं.

कधी कधी शरीराचं दुखणं मनाचं सोंग घेतं. गणपतीच्या आधी लक्ष्मी रोडवर हात थरथरायला लागले, घाम फुटला, छाती धडधडली. गर्दीने घाबरले असं वाटलं. दुकानाच्या पायरीवर बसून तपासलं तर साखर ५८. सत्तरच्या खाली म्हणजे आधी साखर खायची, विचार नंतर. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. पायाला मुंग्या, थकवा, उदासपणा त्यानेही येतो. म्हणून तेही तपासून घेते.

"तुम्ही तर बारीक, मग कशी झाली? गोड फार खाल्लंत का?" हाही प्रश्न येतो, आणि तो जास्त लागतो. आपल्याच पुण्यात केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी २००४ मध्ये स्वतःचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण चरबी याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के आणि त्या सहकाऱ्याच्या ९.१. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरातही चरबी लपलेली असते. माझ्या ताटाकडे बघून कुणी काही बोललं की मला तो फोटो आठवतो.

समुपदेशक बाईंनी वहीत आणखी दोन रकाने आखायला सांगितले, एक झोपेचा आणि एक मनात काय होतं त्याचा. आता आकडे खरे लिहिते. कालची नोंद अशी आहे: उपाशीपोटी १६३, झोप चार तास, सासूबाईंचं वर्षश्राद्ध जवळ आलंय.