आमची वाटचाल : सुताच्या गावात कॉम्प्युटरचं दुकान

इचलकरंजीत कॉम्प्युटरचं दुकान चालवायचं म्हणजे आधी सुताशी जुळवून घ्यावं लागतं. आमचं गिऱ्हाईक म्हणजे सूत व्यापारी, सायझिंगवाले, प्रोसेस हाऊस, पतसंस्था आणि कापडाची डिझाईनं काढणारी पोरं. मागाच्या कारखान्यातलं ऑफिस म्हणजे शेडच्या कोपऱ्यात काचा लावून केलेली केबिन. बाहेर माग खडखडतायत, हवेत बारीक तंतू उडतायत, आणि टेबलाखालचं कॅबिनेट दिवसभर तीच हवा ओढतंय. सहा महिन्यांनी झाकण काढलं की प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकच्या पात्यांनी पांढरी वाकळ पांघरलेली असते. मालकाची मागणी ठरलेली : "मशीन स्लो झालंय, फॉरमॅट मारून द्या." बहुतेक वेळा फॉरमॅटची गरजच नसते. ब्लोअर मारायचा, थर्मल पेस्ट बदलायची आणि पाठवून द्यायचं.

मी आणि माझ्या मेव्हण्यानं मिळून २००१ साली दुकान काढलं. तो हिशेब बघतो, मी बेंचवर बसतो. अजूनही वाटणी तीच आहे. तो अ‍ॅथलॉन, ड्युरॉन आणि पेंटियम ३ या प्रोसेसरांचा काळ. त्यांचा सिलिकॉनचा तुकडा उघडाच असायचा, वर आजच्यासारखं धातूचं झाकण नव्हतं. हीटसिंकची क्लिप इतकी ताठ की स्क्रूड्रायव्हरनं दाबून अडकवावी लागे. हात तिरका पडला की कोपऱ्याचा टवका उडाला. म्हणून नव्या पोरानं मेलेल्या मदरबोर्डावर हात बसवल्याशिवाय गिऱ्हाईकाच्या मशीनला शिवायचं नाही, हा दुकानाचा पहिला नियम झाला.

दुसरा नियम धंद्याचा होता आणि त्यावर मेव्हण्याचं आणि माझं बरंच वाजलं. सगळ्यात वरचं मॉडेल दुकानात ठेवायचं नाही, एक-दोन पायऱ्या खालचं ठेवायचं. वरच्या मॉडेलात नफा जास्त, त्यामुळे त्याला ते पटत नव्हतं. मी त्याला आदल्याच वर्षीची गोष्ट सांगायचो : २००० साली इंटेलनं १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम ३ बाजारात आणला आणि तो सगळीकडे स्थिर चालत नाही म्हणून थोड्याच दिवसांत परत मागवला. एकाच घडणीची चिप जितक्या वरच्या वेगाला विकायची, तितकी तिच्यातली राखीव जागा कमी होते. दुकानदाराचा फोन वाजतो तो त्या राखीव जागेत घट झाली की.

ही राखीव जागा नेमकी काय, हे गिऱ्हाईकाला सांगायला मला आवडतं. प्रोसेसरमधले ट्रान्झिस्टर वापरानं म्हातारे होतात. व्होल्टेज आणि उष्णता यांनी त्यांचं स्विच होणं हळूहळू जड होत जातं, बारीक तारांमधले धातूचे अणू करंटबरोबर सरकतात. परिणाम एकच : पहिल्या वर्षी जो वेग अमुक व्होल्टवर मिळत होता, त्याला काही वर्षांनी थोडं जास्त व्होल्टेज लागतं. कंपनी हे धरूनच जादा व्होल्टेज ठेवून चिप बाहेर काढते. ती शिल्लक साधारणपणे इतकी असते की माणूस मशीन बदलतो, पण प्रोसेसर संपत नाही. ओव्हरक्लॉकिंग करणारा, म्हणजे चिप ठरल्यापेक्षा जास्त वेगानं पळवणारा, ही शिल्लक आजच खर्च करतो. त्यात वाईट काही नाही, पण मग पतसंस्थेच्या काउंटरवर ते मशीन ठेवू नये.

त्यामुळे पहिली पंधरा-वीस वर्षं आमच्या तक्रार-वहीत प्रोसेसर जवळपास आलाच नाही. आली ती बाकी सगळी मंडळी. २००४-०५ च्या सुमाराचे बोर्ड उघडले की प्रोसेसरजवळच्या कपॅसिटरांची डोकी फुगलेली, काहींतून तपकिरी रस आलेला. सदोष इलेक्ट्रोलाइटमुळे जगभरच्या बोर्डांना तेव्हा ही कीड लागली होती. मग इंटेलच्या ७७५ सॉकेटचा (प्रोसेसर बसवायच्या खोबणीचा) कूलर आला, चार प्लॅस्टिकच्या पायांचा. त्यातला एक पाय नीट बसला नाही की कूलर एका बाजूनं उचललेला राहायचा, आणि टेम्पोतून मशीन नेताना तोही सुटायचा. आम्ही बोर्ड उलटा करून चारही पायांची काळी टोकं मागून बाहेर आलीत का ते बोटानं चाचपायचो. आजही नव्या पोराला मी हेच करायला लावतो, कूलर कुठलाही असो.

वीज हा वेगळा अध्याय. भारनियमनाच्या वर्षांत दिवसातून किती वेळा वीज जाईल याला धरबंध नव्हता. त्यात इथे एकाच लाइनवर मागांच्या मोटारी. स्वस्त कॅबिनेटबरोबर फुकट येणारा एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा, अशा जागी टिकत नाही, आणि जाताना बोर्डालाही घेऊन जातो. मीटर लावल्याशिवाय आम्ही मशीन बसवत नाही. न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं की आधी वायरमनला बोलवा, मशीन नंतर. काही पार्ट्यांना राग येतो. येऊ दे.

चिप वापरानं बिघडू शकते हे आमच्या धंद्यात पहिल्यांदा गाजलं ते २०११ च्या जानेवारीत. इंटेलनं जाहीर केलं की नव्या सँडी ब्रिज प्रोसेसरांसोबतच्या ६ सीरिज चिपसेटमध्ये (बोर्डावरच्या जोडणीच्या चिपमध्ये) चार साटा पोर्ट, म्हणजे हार्ड डिस्क जोडायच्या जागा, काळानुसार कमजोर होतात. पहिले दोन, ६ गिगाबिटचे, ठीक आहेत. कारण म्हणजे एका ट्रान्झिस्टरला नको इतकं व्होल्टेज मिळत होतं. बोर्ड बदलून मिळेपर्यंत हार्ड डिस्क आणि डीव्हीडी रायटर पहिल्या दोन पोर्टांवर लावा, एवढंच करायचं होतं. काम सोपं होतं, पण मला त्यातला "काळानुसार" हा भाग लागला. पहिल्या दिवशी तपासून पास झालेली वस्तू नंतर नापास होणार असेल, तर दुकानातल्या टेस्टिंगला अर्थ किती?

तेव्हापासून वहीची पद्धत बदलली. बिलावर नुसतं "आय५ मशीन" लिहायचं बंद. प्रोसेसरचा आणि बोर्डाचा सिरीयल नंबर, बायोसचं (बोर्डावरच्या मूळ सॉफ्टवेअरचं) व्हर्जन, प्रोसेसर बॉक्सचा की ट्रेचा (खोक्याशिवाय सुटा), एसएमपीएस कुठला, सगळं उतरवायचं. मेव्हणा म्हणायचा, एवढं तर लग्नाच्या याद्यांतही लिहीत नाहीत.

त्याचा उपयोग २०२४ साली झाला. १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या इंटेल डेस्कटॉप प्रोसेसरांबद्दल त्या वर्षाच्या सुरुवातीपासून जगभरातून तक्रारी येत होत्या, आणि त्यातली गोम अशी की स्क्रीनवर दिसायचं भलतंच. गेम सुरू करताना ग्राफिक्स कार्डाची मेमरी संपली असा संदेश यायचा. लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसायचे. प्रत्यक्षात प्रोसेसर दाबलेली (झिपसारखी) फाईल सोडवताना गणित चुकत होता. शेवटी ग्राफिक्स कार्डाच्या चिप बनवणाऱ्या एनव्हिडियालाच सांगावं लागलं की या प्रोसेसरांवर असा संदेश आला तर इंटेलकडे जा. जुलैमध्ये इंटेलनं कारण मान्य केलं : मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागायला लावत होता. ऑगस्टच्या ०एक्स१२९ मायक्रोकोडनं ही मागणी १.५५ व्होल्टवर रोखली, सप्टेंबरच्या ०एक्स१२बी नं मशीन मोकळं किंवा हलकं चालू असतानाची जादा मागणीही आवरली. कोअरमधलं (प्रोसेसरच्या गणित करणाऱ्या भागातलं) क्लॉक, म्हणजे ठोका, पोहोचवणारं सर्किट व्होल्टेज आणि उष्णतेखाली म्हातारं होत होतं, हे तेव्हाच स्पष्ट झालं. बॉक्स प्रोसेसरची वॉरंटी तीनाची पाच वर्षं झाली. मात्र झिजलेली चिप कुठल्याही बायोसनं भरून येत नाही; अपडेट उपयोगी पडतं ते अजून धड असलेल्या चिपला.

बोर्ड बनवणाऱ्यांचाही यात हातभार होता. बायोसमधलं ऑटो सेटिंग उघडून बघा, पॉवर लिमिट ४०९५ वॉट असं लिहिलेलं सापडायचं. म्हणजे लिमिटच नाही. आय९-१३९००के ला इंटेलचा स्वतःचा आकडा २५३ वॉट. रिव्ह्यूत दोन टक्के पुढे दिसावं म्हणून ही चैन. इंटेलची प्रतिस्पर्धी एएमडी, तिच्या बाजूलाही फार वेगळं नव्हतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये रायझन ७००० एक्स३डी प्रोसेसर जळाल्याची प्रकरणं आली आणि एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागांचं) १.३ व्होल्टवर बांधून टाकावं लागलं.

आम्ही वही काढली आणि ६५ वॉट व त्यावरचे त्या दोन पिढ्यांचे प्रोसेसर ज्यांच्याकडे होते, त्या सगळ्यांना फोन लावले. वरची मॉडेलं आम्ही ठेवत नसल्यानं यादी लहान होती. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे दोघे-तिघे आणि डिझाईनवाले. उत्तर जवळपास सगळ्यांचं एकच : "चालतंय की, कशाला हात लावायचा?" एकाला तर मी घरी जाऊन मशीन उचलून आणलं. बायोस अपडेट करताना वीज गेली तर बोर्ड जायचा धोका असतो, म्हणून आधी यूपीएसची बॅटरी लोड देऊन तपासायची, मगच पेन ड्राइव्ह लावायचा. त्यानंतर पॉवर लिमिट इंटेलच्या आकड्यांवर. वेगातला फरक एकाही गिऱ्हाईकाच्या लक्षात आला नाही.

टेस्टिंगही बदललं. पूर्वी रात्रभर मेमटेस्ट (मेमरीची चाचणी) आणि सकाळी प्राइम९५ (प्रोसेसर राबवणारी चाचणी) इतक्यावर आम्ही मशीन सोडत होतो. पण सगळे कोअर एकदम राबवले की वेग आणि व्होल्टेज दोन्ही खाली येतात. कस लागतो तो एखाददुसरा कोअर सगळ्यात वरच्या वेगाला धावतो तेव्हा. म्हणून आता एक मोठी झिप फाईल पुन्हापुन्हा सोडवून बघतो. सीआरसी एरर, म्हणजे सोडवलेली फाईल मूळ फाईलशी जुळत नसल्याची खूण, एकदा जरी आला तरी मशीन जात नाही. शिवाय विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए-लॉगरच्या नोंदी बघायच्या. हार्डवेअरनं गपचूप दुरुस्त केलेल्या चुका तिथे दिसतात.

मशीन हँग झालं, निळा स्क्रीन आला, तर निदान कळतं तरी. मला भीती वाटते ती न बोलता चुकणाऱ्या कोअरची. फेसबुकच्या अभियंत्यांनी २०२१ मध्ये एक उदाहरण जगापुढे ठेवलं : १.१ चा ५३ वा घात, पूर्णांकात १५६ यायला हवा, तर त्यांच्या एका प्रोसेसरचा एक विशिष्ट कोअर शून्य सांगत होता. बाकी सगळं सुरळीत. हे मी पतसंस्थेच्या मॅनेजरसाहेबांना सांगितलं तेव्हा ते आधी हसले आणि मग बॅकअपची दुसरी हार्ड डिस्क मागवली. असे कोअर विरळाच, पण व्याजाची बेरीज रोज दुसऱ्या मशीनवर ताडून बघायला काही जात नाही.

सध्या बेंचवर गर्दी आहे ती वेगळ्याच मशीनांची. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा रायझन २००० पासून पुढचं काहीतरी, वर टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) हवं. आमच्याकडे तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय५ येतायत, दहा-बारा वर्षं मागाच्या आवाजात चाललेले, कालच्या झिप टेस्टमध्येही एक चूक न करणारे. ज्याला विंडोजवर चालणारं हिशेबाचं टॅली लागतं त्याला नवं मशीन द्यावं लागतं. वजनकाट्याच्या आणि गेटपासच्या मशीनांवर मात्र आम्ही एसएसडी टाकून लिनक्स चढवतो, नवा पंखा बसवतो आणि वहीत त्याच सिरीयल नंबरापुढे नवी तारीख घालतो. मेव्हण्याच्या मते यात सुटत काही नाही, आणि या महिन्याचा हिशेब बघता तो बरोबर आहे.