घुमट तापवून आणा

अठरा वर्षं झाली, गोव्यातल्या फोंडा तालुक्यात जत्रांना साउंड लावतोय. संगीत नाटक असलं तर हात आपोआप चालतात: पुढे माइक टांगायचे, ऑर्गन आणि तबल्याला एकेक द्यायचा. गेल्या जत्रेला मात्र देवस्थान समितीने पालखीआधी पाऊण तास गावच्याच रॉक बँडला दिला. आज माझे स्पीकर फाटणार, असं धरूनच मी टेम्पो भरला.

पोरं ओळखीची. चौघंही चवथीला घरोघर आरत्या करणाऱ्या पथकातली. चार वर्षांपूर्वी नारळ ठेवायच्या खोलीत गिटार, बास, ड्रम घेऊन बसली. भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवले. ट्रेने आवाज अडत नाही, खोली फक्त वेगळी वाजते, हे मी सांगून थकलो. शेजारच्या आजीने काठी आपटली तेव्हा पटलं. मग दोन सीझन कळंगुटला पर्यटकांसाठी जुनी इंग्रजी गाणी वाजवली. त्या पैशांतून ड्रमसेट आला आणि तीन-तीन तास न थांबता वाजवायची सवय लागली. ती सवय कुठल्या क्लासात मिळत नाही.

मग बास वाजवणारा बोटीवर नोकरीला गेला. दुसरा मिळेना, म्हणून आरतीत घुमट, म्हणजे मातीच्या मडक्याचं तालवाद्य, वाजवणारा त्याच्या जागी उभा केला. अडचणीतून झालेली सोय, पण त्यानंतरच त्यांनी स्वतःची मराठी गाणी बांधायला घेतली.

घुमटाला माइक लावणं हे वेगळंच प्रकरण. मडक्याच्या मोठ्या तोंडावर कातडं. पूर्वी घोरपडीचं असे. १९७२च्या वन्यजीव कायद्यानंतर ते चालत नाही, आता बकऱ्याचं. मागचं अरुंद तोंड उघडं, ते डाव्या हाताने झाकत-उघडत आवाज घुमवायचा. माइक कातड्यापाशी धरला तर नुसती टपटप, मागच्या तोंडापाशी धरला तर पोटातला खर्ज. मला बासची जागा भरायची होती, म्हणून मागे लावला. संध्याकाळी पाचला घुमट असं सुंदर वाजलं की मी स्वतःवरच खूश झालो.

आठला पोरं स्टेजवर आली तोवर दव पडलं होतं. पहिलीच थाप पडली ती ओल्या पुठ्ठ्यावर पडल्यासारखी. कातडं सैल झालेलं. मी आवाज चढवला, तर कोणी हात न लावताच घुमट घूं करायला लागलं: स्पीकरचा खर्ज मडक्यात शिरायचा, माइकमधून परत स्पीकरला जायचा. इक्वलायझरवर नेमकी तेवढी पट्टी खाली ओढली आणि ओरडलो, "अरे, तापवून आण ते!"

घुमटवाला धावला तो थेट भज्यांच्या गाड्यावर. गाडेवाल्याने कढई उतरवून ठेवली. तोवर स्टेजवर दोघांनी एकच चाल वाजवत वेळ काढला. समितीचा एक जण माझ्याकडे आणि घड्याळाकडे आळीपाळीने बघत होता. घुमट परत आलं तेव्हा त्याला तेलाचा वास येत होता. पण वाजलं! समोर खाजें घेऊन जाणारी माणसं वळून उभी राहिली.

तिसऱ्या गाण्यात गिटारवाल्याने डिस्टॉर्शन, म्हणजे गिटार करकरीत करणारं बटण, दाबलं आणि घुमट बुडालं. पांढरं धोतर नेसलेले एक आजोबा मिक्सरपाशी आले. मला वाटलं, बंद करा म्हणतील. ते म्हणाले, "घुमट वाढव रे, ते करकरणारं कमी कर." माझा हात तिकडेच निघाला होता. मी गिटार खाली घेतलं. दोन मिनिटांत पोराने स्टेजवरचा आपला अँप, म्हणजे गिटारचा स्वतःचा स्पीकर, चढवला. मी आणखी खाली, तो आणखी वर. शेवटी मी त्याचा माइकच बंद ठेवला. नुसत्या अँपवर गिटार पुरेसं ऐकू येत होतं आणि घुमट मोकळं झालं.

नऊला पाच मिनिटं असताना संपवलं. घामाने भिजलेला गिटारवाला खाली आला. "काका, गिटार नीट गेलं ना बाहेर?"

"गेलं, गेलं," म्हटलं, आणि केबल गुंडाळायला घेतली. पालखी निघाली होती.