गॅरेज ते गॅरेज

दुपारी रद्दीवाल्याने काटा काढला, पेपरांचा गठ्ठा अडकवणार एवढ्यात वरच्या काकू सुटकेस घेऊन खाली. "दादा, आधी ही लावा बरं." साडेसोळा भरली. विमानात १५ किलोच चालतं. जिन्यातच बॅग उघडली. लोणच्याची बरणी घरी राहिली, चिवडा हातातल्या बॅगेत गेला. तिथे ७ किलोंची मुभा, आणि चिवड्याला मेलं वजन ते किती!

काकू लेकीकडे बंगळूरला निघाल्यात. नाशिकचा ओझर विमानतळ इथून वीसेक किलोमीटरवर, पण मुंबईचं तिकीट स्वस्त मिळालं. मी काही बोलले नाही, आमच्याकडेही हेच चालतं. पहाटेचं विमान, मध्यरात्रीची गाडी, १७० किलोमीटर जाणं आणि गाडीचं रिकामं येणंही आपल्याच बोडक्यावर. शिवाय टोल, पार्किंग. ही बेरीज कुणी करत नाही. करायची नसतेच.

तिकीट मंगळवारी बघावं, रात्री उशिरा बघावं, असंही असतं. स्वस्त दराच्या ठरावीक जागा संपल्या की वरचा दर उघडतो. त्यात बिचारा मंगळवार काय करणार? तरी मी मंगळवारीच बघते. सीट निवडायचे वेगळे पैसे मात्र देत नाही. मग हे पुढे कुठेतरी, मी पार शेपटाशी. दोन तास ‘माझा चष्मा कुठंय’ ऐकावं लागत नाही. खरं तर याचे जादा पैसे घ्यायला हवेत.

हे सगळं बाबांकडून आलं असणार. वणीला जायचं तर ट्रॅक्स ठरायची, किलोमीटरवर. ड्रायव्हर म्हणायचा, रीडिंग गॅरेजपासून धरणार. गॅरेज मालेगाव स्टँडला. बाबा म्हणायचे, दारापासून. दोघंही हटत नसत. शेवटी बाबा म्हणाले, "ठीक. पैसे तिथपासूनचे, तर बसणारही तिथूनच." आणि खरंच, पहाटे कॉलेज रोडवरून चालत मालेगाव स्टँडला गेले. आजी ओटीचं सामान घेऊन दारात, आम्ही डबे धरून उभे, आणि ट्रॅक्समधून एकटे बाबा आले! हातात लग्नपत्रिका, तिच्या कोऱ्या बाजूवर रीडिंग. संध्याकाळी आम्हाला दारात उतरवलं आणि बाबा पुन्हा आत जाऊन बसले. आई म्हणाली, "आता कुठे?" "गॅरेजला." रिकाम्या गाडीत, पुढच्या सीटवर, ऐटीत गेले आणि जेवायच्या वेळेला पायी परत आले. त्या रात्री त्यांच्याइतकं सुखी माणूस नाशकात नसेल.

पण ड्रायव्हरच्या भत्त्यावर ते कधी घासाघीस करत नसत. गडावर तो आमच्याच पंगतीत जेवायचा, दुपारी गाडीत आडवा झाला की आम्हाला दार वाजवायची बंदी.

आम्ही मुंबईला उतरलो की गाडी लगेच परत पाठवतो. थांबली तर मुक्कामाचा भत्ता लागतो. मागच्या खेपेला ड्रायव्हरला सहज विचारलं, झोपता कधी? म्हणाला, "शहापूरजवळ पंपावर तासभर पडतो मॅडम, मग कसारा घाट. नऊला सातपूरच्या कंपनीची वर्दी असते."