टिक करता येतं, पण सांगता येतं का?

दहावी झाली की उदगीर, अहमदपूर, अंबाजोगाई सगळीकडून पोरं लातूरला येतात, रूम घेतात, मेस लावतात अन् दोन वर्षं नुसत्या टेस्ट सिरीज सोडवतात. लातूर पॅटर्नला नावं ठेवायची नाहीत मला, त्याच्यामुळं लई शेतकऱ्यांच्या घरी डॉक्टर-इंजिनीअर झालेत. पण या दोन वर्षांत पोरगं तोंडच उघडत नाही ना. क्लासला सर बोलणार, रूमवर सगळे मान खाली घालून. आणि पुढं चार-पाच वर्षांनी इंटरव्ह्यूत अडतं ते इथंच, असं माझं स्पष्ट मत आहे.

बारावी बोर्डापासूनच बघा. फिजिक्सच्या ७० मार्कांच्या पेपरात ऑप्शनचे प्रश्न फक्त १० मार्कांचे, बाकी ६० लिहायचे. आणि त्या १० मधेही नुसतं (ब) लिहून चालत नाही, अक्षर अन् उत्तर दोन्ही लिहायचं, खोडून परत लिहिलं तर पहिलंच उत्तर धरतात, हे पेपरवर छापलेलं असतं पण वाचतो कोण. कॅल्क्युलेटर चालत नाही, लॉग टेबल चालतं, ते फेब्रुवारीत शिकायला बसू नका. डेरिव्हेशन पाठ करण्यापेक्षा ते रूम पार्टनरला मोठ्यानं सांगून बघा, कुठल्या स्टेपला अडायलाव ते लगेच कळतं, वाचताना सगळं आल्यासारखंच वाटत असतं.

सीईटीचं, म्हणजे राज्याच्या इंजिनीअरिंगच्या प्रवेश परीक्षेचं, वेगळं. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून एकही प्रश्न सोडायचा नाही, पीसीएमला (फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स) मॅथ्सच्या प्रत्येक प्रश्नाला २ मार्क आहेत हे डोक्यात ठेवायचं. मेडिकलच्या नीट परीक्षेला मात्र चुकलं की १ मार्क कापतात, तिथं अंदाजपंचे नको. आणि रिझर्व्हेशनमधून अॅडमिशन घ्यायचं असेल तर जात पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत टाका, मार्क असून कागदासाठी जून-जुलैत पळणारी पोरं दरवर्षी दिसतात.

इंजिनीअरिंगला गेलात की आमच्या भागातली बरीच कॉलेजं लोणेऱ्याच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली. तिथं ६० मार्कांची एंड सेम, म्हणजे सेमिस्टरच्या शेवटची लेखी परीक्षा, ती आदल्या रात्रीच्या नोट्सवर निघते सुद्धा, खोटं कशाला बोलू. पण व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, 'सर, सांगतो' म्हणून गप्प उभं राहायची सवय लागली की ती जात नाही. एनपीटीईएल या ऑनलाइन कोर्सच्या साईटवर आयआयटीच्या सरांची लेक्चरं फुकट आहेत, एक विषय तरी तिथून नीट ऐका.

आता प्रोजेक्ट. यावर मला जरा जास्तच बोलायचंय. दर वर्षी अर्ध्या वर्गाचं तेच, मातीतला ओलावा मोजून मोटर चालू-बंद करणारं ऑटोमॅटिक सिंचन. त्यातलं निम्मं पुण्यातून, बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून तयार आणलेलं. इंटरव्ह्यूत समोरचा विचारतो, हाच सेन्सर का घेतला? शांतता. अरे, तो दोन दांड्यांचा स्वस्तातला सेन्सर मातीत राहून गंजतो, रीडिंग चुकायला लागतं, कपॅसिटिव्ह घेतला तर ते होत नाही, एवढं सांगितलं तरी समोरचा मान वर करून बघतो. मग तो विचारणार, लाईट गेली तर? आता हे काय पुस्तकात शोधायचं आहे का! तुमच्या बापाला थ्री फेज लाईट रात्री येते म्हणून बारा वाजता उठून शेतात जावं लागतं, नाहीतर मोटरला ऑटो बसवलाय, लाईट आली की मोटर आपोआप चालू होते, पण विहिरीत पाणी नसलं तर कोरडी चालून जळते, त्यासाठी वेगळी सोय लागते. पुण्या-मुंबईतल्या पोराला हे ठाऊक नसतं, तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. आणि तुम्ही तिथं जाऊन 'माय फादर इज फार्मर' एवढं एक वाक्य बोलून थांबता.

इंग्लिशचं टेन्शन सगळ्यांना असतं. माझं म्हणणं, आधी प्रोजेक्ट घरी आजोबाला मराठीत सांगा. ते मधेच विचारतील, 'अन् पाऊस पडायला लागला तर बंद होतंय का रे?' इंटरव्ह्यूवालाही हेच विचारणारे. मराठीत उत्तर जमलं की मग इंग्लिशमधे छोट्या छोट्या वाक्यात बसवा, मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका, स्वतःचा आवाज ऐकून कसंतरी होतं पण ऐका. भारीतले शब्द घुसडू नका. येत नसेल तर 'आय डोन्ट नो सर' म्हणून मोकळं व्हा, थापा मारल्या की पुढचा प्रश्न त्याच्यावरच येतो.

कपड्यांचं फार काही नसतं, इस्त्री केलेला साधा शर्ट पुरतो. सकाळी नऊचा इंटरव्ह्यू असेल तर रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जाऊन डायरेक्ट ऑफिसला उतरू नका, आदल्या दिवशीच जा. पुण्यात रूमवर राहणारा गाववाला सगळ्यांचाच असतो, फक्त त्याला आधी फोन करा, शनिवार-रविवारला जोडून सुट्टी असली की तो नेमका गावाकडं आलेला असतो.