टबाखालचं पाणी

पर्वरीच्या घरी हॉट टबखाली चार दिवस ओल दिसत होती. ऐन आषाढात गोव्यात कुठली ओल कुणाची, कसं कळणार?

आज एमसीबी (विजेचा खटका) पाडून टबाचं पॅनल काढलं. हीटर ठणठणीत, गळत होतं हीटरला पाइप जोडणाऱ्या युनियन नटपाशी. आतली रबरी ओ-रिंग गरम पाणी नि क्लोरीनने कडक, चपटी झालेली. दोन्ही व्हॉल्व बंद करूनही नट सोडताच पाय भिजलेच.

म्हापशाच्या दुकानदाराने जुनी रिंग बोटात फिरवली, "पात्रांव, तीस रुपये." मेकॅनिक तर फोनवरच अख्खा हीटर बदला म्हणाला होता!

नव्या रिंगला सिलिकॉन ग्रीस लावून नट हातानेच आवळला. पाना जोरात फिरवला की प्लास्टिक तडकतं. बायकोने खाली पेपर अंथरलाय. दहा वाजेपर्यंत तरी कोरडाच आहे.