आमच्या ८००ची तेलगळती अखेर थांबली

आमच्याकडे गोव्यात डिचोलीला बाबांची १९९६ची मारुती ८०० अजून चालू आहे, कार्बोरेटरवाली. यंदा पाऊस सुरू झाल्यापासून ती पडवीत उभी असते तिथे रोज सकाळी रुपयाएवढा काळा डाग दिसायला लागला. आधी आम्ही खाली पुठ्ठा टाकला आणि दर आठवड्याला थोडं ऑइल ओतत राहिलो. मग एक दिवस असा पाऊस लागला की पडवीत पाणी शिरलं आणि अंगणातनं वाहणाऱ्या पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग, तो पण तुळशीला वळसा घालून थेट विहिरीच्या दिशेने. बाबा म्हणाले, "एकवेळ गाडी विकूया, पण बावीत तेल जाता कामा नये."

गॅरेजमध्ये नेली तर त्यांनी खालून टॉर्च मारला, इंजिन आणि गिअरबॉक्स जोडतात तिथे थेंब लोंबत होता तो दाखवला आणि म्हणाले क्रँकचं (इंजिनाच्या फिरत्या दांड्याचं) मागचं ऑइल सील गेलं, गिअरबॉक्स उतरवायला लागेल, आता उतरवतोच आहोत तर क्लच प्लेट पण टाकून घ्या. सील तिथेच असतं हे खरं, पण बॉनेट कोणी उघडून बघितलंच नाही ते मला अजिबात पटलं नाही. तेल गळतं एकीकडे आणि टपकतं दुसरीकडे, ते वरून ओघळत येतं आणि गाडी चालताना वाऱ्याने मागे पसरतं, म्हणून शोधायचं ते वरून खाली.

घरी आणली. इंजिन थंड झाल्यावर डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला ठिणगीचा करंट वाटून देणारा भाग) कॅप आणि प्लगच्या वायरींवर प्लास्टिक बांधलं आणि ब्रश आणि थोड्या डिझेलने सगळी काळी चिकट घाण काढली, मग फडक्याने अगदी कोरडं पुसलं. त्यावर चेहऱ्याला लावायची साधी पावडर भुरभुरली (आईचा डबा अर्धा संपला) आणि गाडी साखळी गावापर्यंत नेऊन आणली. बॉनेट उघडलं तर सगळीकडे पांढरं, फक्त डिस्ट्रिब्युटर जिथे हेडला, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाला, बसतो तिथून एक बोटभर रुंद ओली रेघ सरळ खाली गिअरबॉक्सच्या जोडापर्यंत उतरलेली. इतकं स्पष्ट!

तिथे आत एक रबराची ओ-रिंग असते. डिस्ट्रिब्युटर काढायच्या आधी तो ज्या कोनात बसलाय तिथे खडूने खूण करा, रोटरचं (त्याच्या आत फिरणाऱ्या तुकड्याचं) तोंड कुठे आहे त्याचा फोटो काढा, आणि तो बाहेर असताना चुकूनही स्टार्टर मारू नका, नाहीतर ठिणगीचं टायमिंग परत लावत बसायला लागेल. आमची जुनी रिंग गोल राहिलीच नव्हती, एका बाजूने चपटी झालेली, बोटाने वाकवली तर काचेच्या बांगडीसारखी टकन मोडली. इतकी वर्षं इंजिनाची उष्णता खाऊन रबर कडक होतं, मग ते दाबून बसतच नाही. नवीन रिंग म्हापशाला दोन चहांच्या पैशात मिळाली. ८०० बनायची २०१४मध्येच बंद झाली तरी अशा वस्तू अजून सहज मिळतात. रिंगला नवीन ऑइलचं बोट लावून बसवायचं, कोरडी घातली तर पीळ पडतो.

हेड कव्हरचं पॅकिंग पण कडेने पाझरत होतं, ते त्याच दिवशी बदललं. एक कळकळीने सांगतो, गळती थांबावी म्हणून तिथले नट जोर लावून आवळू नका, पॅकिंग पिळून बाहेर येतं आणि गळती वाढते. ब्रीदरचा (इंजिनातला दाब बाहेर सोडणारा) पाइप पण काढून साफ केला, तो तुंबला की आतला दाब तेलाला कुठल्यातरी सीलमधून बाहेर ढकलतो आणि नवीन रिंगसुद्धा मग जास्त दिवस टिकत नाही.

तेलकट फडकी आणि डिझेलचं घाणेरडं पाणी गटारात टाकलं नाही, कॅनमध्ये भरून गॅरेजच्या जुन्या ऑइलच्या पिंपात नेऊन दिलं. आपल्याकडे पावसात गटार आणि बाव यांच्यात कितीसं अंतर असतं.

त्यानंतर चोर्ला घाटातून बेळगावला जाऊन आलो. डिपस्टिकवर तेल निघताना होतं तिथेच आहे. पुठ्ठा मात्र बाबांनी अजून काढू दिलेला नाही, सकाळी पूजेची फुलं काढायला जाताना आधी वाकून तो बघतात.