तुम्ही विचारलंत म्हणून: आठमध्ये पाय का टेकतो?

दुचाकीच्या लायसन्सच्या परीक्षेत जमिनीवर आखलेल्या आठच्या आकड्यावरून पाय न टेकता गाडी काढावी लागते. "लर्निंग निघाल्यापासून गाडी चालवतोय, ट्रॅफिकमधून सहज काढतो, मग आठमध्येच पाय कसा टेकला?" हा प्रश्न मला परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तरी येतो, नाहीतर नापास झालेल्या दुपारी. विचारणाऱ्याला एका ओळीची युक्ती हवी असते. "हळू जा" आणि "घाबरू नका" हे सल्ले त्याला घरच्यांनी, मित्रांनी, एजंटने देऊन झालेले असतात. त्यातल्या "हळू जा" नेच बहुतेकांचा घात होतो. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

भीतीने पाय टेकत नाही. मागच्या चाकाची ओढ तुटते म्हणून टेकतो. वळताना गाडी आत कललेली असते. इंजिन चाकाला ओढत असेल तोवर ती त्या कलावर टिकते, ओढ गेली की आत पडायला लागते. मग पाय खाली जाणारच.

हे नेमकं कुठे होतं ते बघा. पहिला गोल सहसा नीट होतो. समजा तो डावीकडचा आहे. आता मधल्या फुलीवरून, म्हणजे दोन गोल जिथे मिळतात तिथून, उजव्या गोलात शिरायचंय. हँडल डावीकडून सरळ येऊन लगेच उजवीकडे जायला हवं आणि गाडीचा कलही बदलायला हवा. ट्रॅकच्या कडेला उभं राहून मी हाच तुकडा बघत असते. फुली आली की मान खाली जाते, नजर पुढच्या चाकावर. नजर चाकावर गेली की पुढची वाट दिसत नाही, मग उजवं मनगट आपोआप थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) सोडतं आणि डावा हात क्लच पूर्ण दाबतो. इथे ओढ संपली. त्यात उजवीकडे हँडल पूर्ण वळलं की उजवा हात पोटाशी येतो आणि कोपर अडकतं. चार बोटं आधीच पुढच्या ब्रेकवर असतील तर तो दाबला जातो. हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक लागला की गाडी एकदम आत बसते. सावरायला उजवा पाय खाली येतो, म्हणजे मागच्या ब्रेकवरूनही निघतो. डोळ्यांदेखत हे सगळं दोन सेकंदांत उरकतं आणि मुलगा म्हणतो, "मॅडम, घाबरलो."

घाबरला नव्हता. तो हळू जात होता, तेही क्लच दाबून.

क्लच दाबून घरंगळत जाण्याऐवजी थ्रॉटल किंचित उघडा आणि तिथेच धरून ठेवा, आठ संपेपर्यंत हलवू नका. क्लच हाफवर, म्हणजे अर्धा दाबलेला. वेग जास्त वाटला तर मागचा ब्रेक हलका दाबा, इंजिन ओढत असतानाच. उजवी बोटं ग्रिपवर, पुढच्या लिव्हरवर एकही नको. फुली यायच्या आधीच मान वळवून पुढच्या गोलाच्या पलीकडच्या कडेकडे बघा. कोपरं सैल, गुडघे टाकीला, पाठ ताठ. गाडी खाली कलू द्या, तुम्ही तिच्याबरोबर आत झुकू नका.

स्कूटरवाल्यांना हाफ क्लच नाही. तिथे थ्रॉटल पूर्ण सोडला की आतला क्लच स्वतःहून सुटतो आणि ओढ जाते. म्हणून ॲक्टिव्हावर थ्रॉटल धरून डाव्या ब्रेकने वेग राखायचा, तोही अगदी हलक्या हाताने. कॉम्बी ब्रेक असलेल्या स्कूटरवर डावी लिव्हर पुढचं चाकही धरते. त्याच पद्धतीच्या १०० ते १२५ सीसी मोटारसायकलींवर पायाच्या ब्रेकचं तेच.

गाडीकडेही बघा. क्लच लिव्हरला टोकाशी १० ते २० मिमी फ्री प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, हवी. चेन सैल असेल तर हाफ क्लचवर झटके बसतात. आणि कोनसेट, म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग! मधला स्टँड लावून पुढचं चाक उचला आणि हँडल सावकाश फिरवा. सरळ रेषेत आल्यावर खटकन अडकत असेल तर कोनसेट गेलाय. रस्त्यावर ते कळत नाही, फुलीवर मात्र हँडल तिथेच अडकतं. मागून आणलेली गाडी असेल तर गिअर कसे पडतात ते आधी बघा. स्प्लेंडरचे चारही पुढे दाबून पडतात, पल्सरचा पहिला खाली आणि बाकीचे वर. नव्या गाड्यांत साइड स्टँड खाली राहिला तर गिअर टाकताच इंजिन बंद पडतं, आणि मुलं क्लचला दोष देतात.

सरावाला मोकळ्या जागेत दोन विटा एकमेकींपासून साधारण दहा पावलांवर ठेवा आणि त्यांच्याभोवती आठ काढा. जमलं की आठ पावलांवर आणा. सुरुवात कधी डावीकडून, कधी उजवीकडून. परीक्षेला कुठून सोडतील ते तुमच्या हातात नाही.

आता एक गोष्ट मान्य करते. आठ हा नुसता मैदानातला खेळ आहे, असं मी बराच काळ म्हणत आले. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १५ वाचा. चढावर मागे न घसरता गाडी पुन्हा काढणं, वळण्याआधी आरसा बघणं, वेळेवर सिग्नल देणं, अचानक थांबवणं, हे सगळं परीक्षेत बघायचंय. आठ काढून पास झालेल्या किती जणांना चढावर गाडी काढता येते? तरी ज्याला फुलीवर ओढ टिकवता येते, त्याला भाजी मंडईच्या गर्दीत पाय घासत जावं लागत नाही, हेही मी रोज बघते. माझी ही दोन मतं एकमेकांशी भांडतात आणि मी त्यांना भांडू देते.

पहिला गिअर की दुसरा, यावर शिकवणाऱ्यांतही एकमत नाही. दुसऱ्यात झटके कमी, पण इंजिन बंद पडायची शक्यता जास्त. हलक्या १०० सीसीवर मी पहिलाच सांगते, पण दुसऱ्यावर हात बसला असेल तर बदलू नका.

नापास झालात तर सात दिवसांनी पुन्हा देता येते. तीनदा नापास झालात तर मात्र ६० दिवस थांबावं लागतं, आणि लर्निंगची मुदत सहाच महिन्यांची असते. त्या सात दिवसांत पूर्ण आठ काढत बसू नका. फक्त फुलीचा तुकडा करा, डावीकडून उजवीकडे आणि उलट, क्लच पूर्ण न दाबता.